‘लागणं’ येतं त्याला ‘गेट’ येतं

घनसावंगी तालुक्यातल्या एका शाळेत सहावीच्या वर्गावर मी होते, तेव्हाची गोष्ट. मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला सारखा कोपर मारत होता. दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला आणि तोंडून निघून गेलं, ‘गेट आउट!’ तो उठला, दप्तर उचललं, व्हरांड्यातून मैदानात उतरला आणि मैदान ओलांडून शाळेच्या लोखंडी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. एप्रिल महिना होता. सकाळची शाळा असली तरी दहालाच जमीन तापली होती. मला वाटलं, पोरगं रागावून घरी निघालं. धावत गेले, तर तो फाटकाच्या पलीकडे डोक्यावर दप्तर धरून उभा. म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्हीच म्हणलात ना, गेटच्या बाहेर हो म्हणून?’’

त्यात आगाऊपणा अजिबात नव्हता. ‘आउट’ त्याला क्रिकेटमुळे माहीत होतं, ‘गेट’ शाळेच्या फाटकामुळे. हाताशी असलेल्या दोन शब्दांतून त्यानं जो अर्थ लावला तो अगदी बरोबर लावला होता. कमी पडलं होतं माझं शिकवणं. वर्षभर मी फळ्यावर ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच लिहीत आले होते, आणि ‘मिळणे बाहेर’ याचा कोणालाच काही अर्थ लागत नाही. त्या संध्याकाळी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर हा प्रसंग लिहिला. तुमच्या हातातली पुस्तिका त्या वहीतून तयार झाली आहे.

एकाच क्रियापदावर पुस्तिका कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. इंग्रजीत अवघड शब्द काय कमी आहेत? पण इंग्रजी बोलताना आपल्या मुलांची जीभ अडते ती अवघड शब्दांपाशी नाही. ‘फोटोसिंथेसिस’ आमच्या आठवीतल्या मुलीला येतं, कारण त्याला एकच अर्थ आहे आणि तो विज्ञानाच्या पुस्तकात दिला आहे. अडतं ते गेट, टेक, सेट, पुट, रन या चिमुकल्या शब्दांपाशी. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात सगळ्यांत लांब नोंद होती ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची. शब्द जितका लहान आणि रोजच्या वापरातला, तितके त्याचे अर्थ फार. मराठीतही असंच आहे, फक्त आपण मराठीच्या आत राहतो म्हणून ते दिसत नाही.

मला ते दिसलं खो-खोच्या मैदानावर. एक मुलगी धावताना पडली, गुडघा सोलवटला. उठली, लंगडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, मला लागलं.’’ मी हळद लावत होते आणि मनात सकाळचा तास चालू होता. त्या तासात ‘आय गॉट हर्ट’ हे वाक्य समजावताना माझी दमछाक झाली होती. ‘गॉट’ म्हणजे मिळालं, ‘हर्ट’ म्हणजे इजा, म्हणजे मला इजा मिळाली, असं काहीतरी मी सांगत बसले होते. आणि ही दहा वर्षांची मुलगी एका शब्दात तेच म्हणून मोकळी झाली होती. लागलं.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीचं पुस्तक बाजूला ठेवलं. फळ्यावर ‘लागणे’ लिहिलं आणि मुलांना म्हटलं, घरात, शेतात, रस्त्यावर हा शब्द जसा ऐकता तशी वाक्यं सांगा. सुरुवातीला भूक लागली, तहान लागली एवढंच आलं. मग एकानं सांगितलं, आमच्या बोअरला पाणी लागलं. त्यानंतर वर्ग थांबेना. मोसंबीला चांगला भाव लागला. मामाला कारखान्यावर नोकरी लागली. आजीला चालताना दम लागतो. बाबांचा फोन लागत नाही. रात्री झोप लागली नाही. उचकी लागली, ऊन लागलं, ठेच लागली. दादाला मोबाइलचा नाद लागला. माणसं कामाला लागली. पाऊस आला तर पळावं लागतं. तो माझा मामा लागतो. शाळेत येताना मारुतीचं देऊळ लागतं. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. कोणाला एकही अर्थ पाठ करावा लागला नव्हता, आणि कोणाची एकही चूक झाली नाही.

त्याच वाक्यांसमोर मी इंग्रजी लिहीत गेले तेव्हा माझाच श्वास अडकला. भूक लागली, ‘गॉट हंग्री’. नोकरी लागली, ‘गॉट अ जॉब’. पाणी लागलं, ‘वुई गॉट वॉटर’. भाव लागला, ‘गॉट अ गुड प्राइस’. उचकी लागली, ‘गॉट हिकप्स’. सवय लागली, ‘गॉट यूज्ड टु इट’. झोप लागेना, ‘कुडन्ट गेट टु स्लीप’. फोन लागत नाही, ‘आय कान्ट गेट थ्रू’. कामाला लागा, ‘गेट टु वर्क’. जावं लागणार, ‘आय हॅव गॉट टु गो’. आणि कालचं गुडघ्याचं वाक्य: लागलं, ‘गॉट हर्ट’. या दोन शब्दांचं नातं कुठल्या कोशानं लावलेलं नाही. दोघांची कुळंही वेगळी. ‘गेट’ इंग्रजीत आलं नॉर्स भाषेतून. उत्तरेकडून समुद्रावरून आलेले आणि इंग्लंडच्या पूर्वेला वसलेले लोक ही भाषा बोलत, आणि त्यांचा मूळ शब्द होता ‘गेता’, मिळवणं. आपलं ‘लागणे’ संस्कृतच्या ‘लग्’ धातूवरचं. अर्थ चिकटणं, जोडलं जाणं. लग्न आणि संलग्न हे शब्द त्याच धातूचे. एक शब्द हात पुढे करणारा, दुसरा येऊन चिकटणारा. पण रोजच्या वापरात झिजत झिजत दोघंही एकाच ठिकाणी पोचले: माणसाची स्थिती पालटते, काहीतरी त्याच्या वाट्याला येतं, ते सांगायला लागणारा सगळ्यांत हाताशी असलेला शब्द.

माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्या मुलाला ‘लागणे’ येतं त्याला ‘गेट’ शिकण्याची ताकद आधीच आलेली असते. तो ‘लागणे’ यादी करून शिकलेला नाही. ‘भाव’च्या शेजारी, ‘फोन’च्या शेजारी, ‘उचकी’च्या शेजारी ऐकून शिकला. शब्दाचा अर्थ शेजारून कळतो. ‘गेट’ही तसंच शिकावं लागेल, आणि म्हणून या पुस्तिकेत ‘गेट’चे अर्थ एक ते वीस असे क्रमांक घालून दिलेले नाहीत. वाक्यं दिली आहेत, शेजाऱ्यांसकट.

अर्थात सगळं जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही तिथे मुलं हमखास घसरतात. ‘जालन्याहून अंबडला किती वेळ लागतो’ यात ‘गेट’ नाही, ‘टेक’ आहे. ‘लग्नाला पैसा लागतो’ यात ‘नीड’. निकाल लागतो तेव्हा ‘डिक्लेअर’, दार लागतं तेव्हा ‘शट’, आग लागते तेव्हा ‘कॅच’. मामा लागतो तिथे इंग्रजीत नुसतं ‘इज’. आणि जिथे ‘गेट’ आहे तिथे आपल्याकडे कधी मिळणे, कधी होणे, कधी पोचणे, कधी आणणे. ‘गेट वेट’ म्हणजे भिजणं, ‘गेट होम’ म्हणजे घरी पोचणं, ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे पाणी आण, ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे मला कळत नाही. ‘आय गॉट टु सी’ मात्र थेट आपलं ‘बघायला मिळालं’. हे वाक्य शिकवलं की वर्गाचे चेहरे उजळतात, कारण बांधणीही तीच आहे. पुस्तिकेत या सगळ्यांना जागा दिली आहे, इथे फार रेंगाळत नाही.

एका जागी मात्र थांबायचं आहे. न्हाव्याकडे जाऊन आलेला मुलगा म्हणतो, ‘आय कट माय हेअर’. सायकल दुरुस्तीला देऊन आलेली मुलगी म्हणते, ‘आय रिपेअर्ड माय सायकल’. इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं, याने कात्री घेऊन स्वतःचे केस स्वतःच कापले, हिने पाना घेऊन स्वतः चेन बसवली. मराठीत आपण हा फरक कधी चुकवत नाही. केस कापून घेतले. सायकल दुरुस्त करून घेतली. त्या ‘घेतले’मध्ये काम दुसऱ्यानं केलं, करवून आणलं मी, हे सगळं आलं. इंग्रजीत ते ओझं ‘गेट’ उचलतं: ‘आय गॉट माय हेअर कट’. आपल्याकडे ज्या जागी ‘घेणे’ बसतं तिथे त्यांच्याकडे ‘गेट’ बसतं, आणि तेही वस्तूच्या आधी. मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराला ‘हा बंगला कोणी बांधला’ असं विचारलं आणि त्यानं ‘माय फादर बिल्ट इट’ म्हटलं, तर वडील गवंडी आहेत की मालक, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. दोन्ही उत्तरं मानाचीच आहेत. पण खरं कोणतं, हे सांगता यायला हवं. म्हणून या रचनेवर पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत आणि मला वाटतं ती सार्थकी लागली आहेत.

दुसरी घसरण ‘मला’वरची. मला भूक लागली, मला नोकरी लागली, मला ताप आला. मराठीत भूक, नोकरी, ताप हे कर्ते आहेत. माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो आणि त्या गोष्टी त्याच्याकडे येतात. इंग्रजीत माणसाला ‘आय’ होऊन पुढे उभं राहावं लागतं. कित्येक मुलं वाक्याच्या सुरुवातीलाच ‘टू मी’ लिहून बसतात आणि पुढे त्यांना वाट सापडत नाही. त्यावर मी एक साधी सवय लावली: ज्या मराठी वाक्यात ‘मला’ आहे, तिथे आधी कागदावर मोठा ‘आय’ लिहायचा, मग बाकीचा विचार. महिनाभरात ‘टू मी’ गेलं. यावरून काही जण म्हणतात की मराठी माणूस नशिबावर बसतो आणि इंग्रज पुढे होऊन मिळवतो. हे मला मान्य नाही. ज्या बाईला ‘दम लागतो’ ती बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढून आलेली असते. व्याकरणाची घडण वेगळी आहे, माणसं वेगळी नाहीत.

आता थोडं आपल्या भागाविषयी. जालन्यात इंग्रजी आधी आली ती तोफांबरोबर. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई या गावाजवळ, आर्थर वेलस्लीनं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. पण लढाई जिंकणाऱ्यांची भाषा आमच्या शाळांत आली नाही, कारण मराठवाडा निजामाच्या राज्यात राहिला. तिथे राज्यकारभार उर्दूत आणि मोठ्या शाळांतलं शिक्षणही उर्दूत. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. माझे आजोबा उर्दूत अर्ज लिहीत आणि मराठीत हिशेब मांडत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. त्यानंतर मराठी शाळा गावोगाव पोचल्या, आणि १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. माझ्या पिढीनं पाचवीत इंग्रजी मुळाक्षरं गिरवली. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. पुण्या-मुंबईच्या मराठी शाळांना इंग्रजी शिकवण्याचा शंभर वर्षांहून मोठा सराव होता, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्या घराघरांत होती. आमच्याकडे तो सराव एकदोन पिढ्यांत करावा लागला. आमच्या मुलांना इंग्रजी येत नाही असं सहज बोलणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

पण आमच्याकडे जे आहे तेही मोजावं. जालना शहरातली मुलं घरी मराठी बोलतात, मोंढ्यात हिंदी, गल्लीत दखनी, आणि व्यापाऱ्याच्या दुकानात मारवाडी ऐकतात. परतूर-मंठ्याकडे तांड्यावरून येणाऱ्या मुलांची घरची बोली गोरमाटी. शाळेतली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा. ‘भूख लगी’, ‘नौकरी लगी’, ‘फोन नहीं लगा’ हे दखनी बोलणाऱ्या मुलालाही ठाऊक आहे. दोन-तीन भाषांत पाय ठेवून उभं राहायला ही मुलं चौथीच्या आत शिकतात. त्यांना चौथी भाषा जड जाणार नाही, आपण ती त्यांच्या भाषांना धरून शिकवली तर.

आपण ती तशी शिकवत नाही याला एक जुनं कारण आहे. इंग्लंडमधल्या शाळामास्तरांना ‘गेट’ आवडत नसे. निबंधात ‘गॉट’ दिसलं की लाल रेघ. त्याजागी ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ लिहा. तो धाक आमच्या पाठ्यपुस्तकांत आणि मास्तरांत उतरला. म्हणून आमच्या मुलाला रजेच्या अर्जातलं ‘सफरिंग फ्रॉम फीवर’ तोंडपाठ असतं, पण मित्राला फोनवर ‘आय हॅव गॉट अ फीवर’ म्हणायला सुचत नाही. अर्जात अर्जाची भाषा हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण अर्जाची भाषा शिकवून आपण बोलण्याची भाषा शिकवली असं समजतो, हे चूक आहे. जालन्याच्या स्टील कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलेला मुलगा किंवा इथल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात शिकायला गेलेली मुलगी दिवसभर ज्या इंग्रजीला सामोरी जाते, ती ‘गेट’नं भरलेली असते. ‘गेट इट डन’, ‘गेट बॅक टु मी’, ‘लेट्स गेट स्टार्टेड’. अमेरिकेच्या माणसाशी बोलताना ‘गॉटन’ कानावर येतं तेव्हाही दचकू नये. ते चुकीचं इंग्रजी नव्हे. इंग्लंडमध्ये मागे पडलेलं जुनं रूप तिकडे टिकलं आहे.

एक मुद्दा उच्चाराचा, तोही फाटकावर उभ्या राहिलेल्या त्या मुलानं शिकवला. देवनागरीत मिळवायचं ‘गेट’ आणि फाटकाचं ‘गेट’ सारखंच लिहिलं जातं, कारण मराठी ‘ए’ एकच आहे. इंग्रजीत पहिल्यातला ‘ए’ आखूड, झटक्यात संपणारा. दुसऱ्यातला लांबवलेला, शेवटी किंचित ‘इ’कडे झुकणारा. वर्गात मी मुलांना फाटकाचं ‘गेट’ हात लांब करत म्हणायला लावते आणि क्रियापदाचं ‘गेट’ चुटकी वाजवून. दोन दिवसांत फरक कानात बसतो. या पुस्तिकेत गोंधळ होऊ नये म्हणून फाटकाला सगळीकडे फाटकच म्हटलं आहे.

तसं ‘गेट’ मराठीत कधीच येऊन बसलं आहे. दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर दिवाळीत गावोगाव होतं. नाटकात शिवाजी महाराजांचा गेटअप करतात. छापखान्यात पुस्तकाचा गेटअप कसा असावा यावर चर्चा होते; या पुस्तिकेच्याही गेटअपवर आमची झाली, आणि अक्षरं मोठी ठेवायचं ठरलं, कारण ती घरातल्या मोठ्या माणसांनीही वाचावी अशी इच्छा आहे. परदेशातल्या लेकराच्या घरी जाणारे आजी-आजोबा, मोंढ्यातला हिशेबनीस, बीएड झालेली आणि नोकरीची वाट पाहणारी मुलगी, ही सगळी माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

मोल्सवर्थनं १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला, तेव्हा तो परका माणूस आपल्या एकेका शब्दाचे अर्थ, शब्दांचे शेजारी आणि लोकांच्या तोंडची वाक्यं वेचत बसला होता. आपली भाषा शिकायला त्यानं जी चिकाटी दाखवली, तीच त्याची भाषा शिकताना आपण दाखवायची आहे. फरक एवढाच की आपल्याला सुरुवात कोऱ्या पाटीवरून करायची नाही.

पुस्तिका वापरताना एवढं करा. एका बसणीला एक पान, त्याहून जास्त नाही. वाक्य आधी मोठ्यानं वाचा, मग डोळे मिटून म्हणा, मग त्यातली माणसं आणि वस्तू बदलून आपल्या घरच्या घाला. कारखान्याऐवजी एसटी, मोसंबीऐवजी कापूस, मामाऐवजी मावशी. अर्थ पाठ करू नका. शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे की यावर रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा असे प्रश्न काढू नका. त्यापेक्षा मुलांना एकमेकांशी बोलू द्या आणि चुकलं तर वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा.

शेवटी दहा पानं कोरी ठेवली आहेत. प्रत्येक पानावर डावीकडे ‘लागणे’ छापलं आहे आणि उजवीकडे ‘गेट’. पहिलं वाक्य डावीकडे लिहा, आजच्या दिवसात घरात कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलं.